वाल, वेळ आणि दम

अकोले तालुक्यात गाडीची परीक्षा घाटात होते. बाजारात उभी असलेली गाडी कितीही चमकली तरी इथला माणूस तिच्या रंगाला भुलत नाही. तो एकच प्रश्न विचारतो, ‘पिकअप कसा आहे?’ राजूरकडे निघालात तर विठा घाट आहे. पुढे भंडारदऱ्यापर्यंत चढ-उतार संपत नाहीत. संगमनेरहून पुण्याकडे वळलात तर चंदनापुरीचा घाट आडवा येतो. तेव्हा ‘पिकअप’ हा शब्द इंग्रजीतून आलेला असला तरी आमच्याकडे त्याचा अर्थ अगदी पक्का आहे. पाय दाबला की गाडीने लगेच उचल खाल्ली पाहिजे. मागून शिव्या येण्याआधी वळण पार झाले पाहिजे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पावसाळा सुरू झाला की धबधबे बघायला मुंबई, पुणे, नाशिककडच्या गाड्यांची रीघ लागते. त्यात एखादी बुटकी, दोन दारांची, रुंद चाकांची स्पोर्ट्स कार असते. आमच्या आठवीच्या मुलांचे कान तिच्याकडे लागलेले असतात. एकदा तास चालू असताना एका मुलाने विचारले, “सर, वो गाडी चढाव पे पहले धीमी गुर्राती है, फिर एकदम उसकी आवाज बदल जाती है और भाग जाती है. क्यूँ?”

प्रश्न पाठ्यपुस्तकातला नव्हता. पण प्रश्न पुस्तकात नाही म्हणून मुलाला खाली बसवायचे, हे काही बी.एड.मध्ये आम्हाला कोणी शिकवले नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही जिथे पोचलो, ती जागा गाडीपेक्षा आमच्या मोहल्ल्याच्या जास्त जवळची निघाली. म्हणून हा लेख.

इंजिन हे श्वास घेणारे यंत्र आहे, इथून सुरुवात करू. पेट्रोल जाळायचे तर हवा लागते. हवा आणि पेट्रोल आत घेणे, ते दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे, असे चार टप्पे. आत घेण्याचे एक दार, बाहेर टाकण्याचे दुसरे. या दारांना मराठीत झडप म्हणतात. उर्दूत अरबी वळणाचा ‘सिमाम’ हा शब्द आहे. इंग्रजीत वॉल्व्ह. आणि आमचे सगळे मिस्त्री लोक म्हणतात ‘वाल’. कोकणातल्या बिरड्याचा आणि या वालाचा काही संबंध नाही! हृदयातही झडपाच असतात आणि त्या वेळेवर उघडल्या-मिटल्या नाहीत तर माणसाला दम लागतो, हे मुलांना ठाऊक असते. इंजिनाचेही तसेच.

हे वाल उघडतो कोण? कॅमशाफ्ट नावाचा एक लोखंडी दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरताना उंचवटा आला की वाल दबून उघडतो, उंचवटा गेला की स्प्रिंग त्याला बंद करते. दांड्याला फिरवते ती टायमिंग चेन. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. वाल उघडतो तरी किती? आठ-दहा मिलिमीटर. करंगळीच्या जाडीपेक्षा कमी. एवढ्याशा फटीतून गाडीचा सगळा दम आत जातो.

आता वेळेचा हिशेब पाहा. इंजिन मिनिटाला १००० फेरे फिरत असेल तर अर्ध्या फेऱ्याला ३० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीस. ६००० फेऱ्यांना तोच वेळ ५ मिलिसेकंदांवर येतो. ९००० फेऱ्यांना जेमतेम ३.३. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हवेने आत शिरायचे, पिस्टनमागे धावायचे आणि जागा भरायची. आमच्या वर्गातल्या मुलींनी हे गणित फळ्यावर स्वतः सोडवले आणि मग वर्ग काही क्षण शांत झाला. आकड्यांचा असा दरारा आम्ही क्वचितच पाहिला आहे.

पुढची गोष्ट समजायला प्रवरेकाठच्या मुलांना अवघड गेली नाही, कारण त्यांनी शेतात दारे धरलेली आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, तेव्हापासून या नदीकाठाचे जगणे पाटाच्या पाण्याच्या वेळेवर चालते. पाटाला जोराचे पाणी सुटलेले असेल तर वाफ्याचे दार क्षणभर उशिरा बुजवले तरी चालते. आलेले पाणी आपल्याच वेगाने आत लोटत राहते आणि वाफा काठोकाठ भरतो. पण पाण्याला जोर नसेल, धार मंद असेल आणि दार तसेच उघडे ठेवले, तर वाफ्यात आलेले पाणी उलट पाटात परतते. हवेलाही वजन असते आणि म्हणून वेगही असतो. इंजिन जोरात फिरत असते तेव्हा हवेचा वाल थोडा उशिरा मिटला तर फायदा. पिस्टन वर यायला लागलेला असतो, तरी वेगात आलेली हवा आत घुसतच राहते. तेच इंजिन हळू फिरत असताना वाल उशिरा मिटला, तर पिस्टन आलेली हवा उघड्या दारातून बाहेर ढकलतो. श्वास अर्धा. खेच अर्धी.

दुसरी अडचण दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहण्याची. धुराचे दार पुरते मिटायच्या आत हवेचे दार उघडते. वेगात हे फार उपयोगी पडते, कारण बाहेर पळणारा धूर आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो. पण गाडी उभी असताना, इंजिन मंद चालत असताना, धूरच उलटून हवेच्या वाटेत शिरतो. मग गाडी जागच्या जागी लंगडते, थरथरते, कधी बंद पडते.

म्हणजे वालची वेळ एकदाच ठरवून दिली तर इंजिन बनवणाऱ्याला निवड करावी लागते. घाटात खालून खेचणारे इंजिन हवे की सपाटीवर वर जाऊन पळणारे? इंजिनाची शक्ती म्हणजे पीळ गुणिले फेरे. सायकलच्या पायडलवर किती जोराने दाबता तो पीळ, म्हणजे टॉर्क. किती भरभर मारता ते फेरे. जीपवाला पीळ मागतो. शर्यतवाला फेरे मागतो. एकाच दांड्यावरचे लोखंडी उंचवटे दोघांना खूश करू शकत नाहीत. जुन्या काळातल्या शर्यतीच्या गाड्या म्हणूनच चौकात धडधडत लंगडायच्या आणि मग एकदम सुटायच्या. वळणातून बाहेर पडताना खाली काहीच नाही आणि नंतर सगळे एकदम, अशी ती शक्ती. ओल्या घाटात अशी शक्ती चाकांची पकड सोडवते. किती दम आहे हे महत्त्वाचे खरे, पण तो कधी आणि कसा मिळतो हे घाटातल्या माणसाला जास्त महत्त्वाचे.

आमच्याकडच्या मिस्त्री लोकांनी हे सगळे कधीच पुस्तकात वाचले नाही. आमच्या मोहल्ल्याला लागून एक गॅरेज आहे. तिथले उस्ताद तरुणपणी मुंबईत काम शिकले. तो ‘प्रीमियर पद्मिनी’चा जमाना. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मूळ घाट इटलीच्या फियाटचा, इंजिन १०८९ सी.सी.चे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. वालची वेळ कायमची ठरलेली. मिस्त्रीच्या हातात होते ते टॅपेट सेटिंग, म्हणजे वाल आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट पातळ पत्तीने मोजून नीट करणे. ती फट हातभर लांबून नुसत्या आवाजावर सांगणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा उस्ताद दिवसभर कोणाशी फार बोलले नाहीत. ज्या यंत्रावर त्यांची उमेदवारी गेली ते यंत्रच गेले होते.

या उस्तादांचा शागीर्द हा आमचा जुना विद्यार्थी. दहा वर्षांपूर्वी आठवी झाल्यावर त्याने शाळा सोडली. पुढच्या उर्दू वर्गासाठी रोज एस.टी.ने दुसऱ्या गावी जायचे होते, घरी अब्बा आजारी होते आणि गॅरेजमध्ये पहिल्या दिवसापासून चहा-नाश्त्यापुरते पैसे मिळत होते. अशा मुलाला समजावायला आम्ही घरी जातो, चटईवर बसतो, चहा पितो, अम्मी पदर सावरत म्हणतात, “सर, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण...” आणि त्या ‘पण’च्या पुढे शिक्षकाजवळ शब्द उरत नाहीत. आज तो चोवीस वर्षांचा आहे. हात सोन्याचा. मोहल्ल्यात लहान-थोर सगळे त्याला ‘मिस्त्री’ म्हणतात.

त्या आठवीच्या मुलाच्या प्रश्नासाठी आम्ही त्यालाच वर्गात बोलावले. तो भंगारातले एक इंजिनाचे हेड घेऊन आला. ते पोत्यावर ठेवले, पाना लावला आणि एकेका विद्यार्थ्याला कॅम फिरवायला सांगितला. मुली सुरुवातीला मागे होत्या. मग त्यांनी पाना हातात घेतला तो सोडलाच नाही. त्यातल्या एकीने विचारले, “हा उंचवटा तर लोखंडाचा. तो काही बदलत नाही. मग वालची वेळ बदलते कशी?”

जगातल्या मोठमोठ्या अभियंत्यांना वर्षानुवर्षे छळणारा प्रश्न हाच. त्याची दोन उत्तरे निघाली.

पहिले उत्तर असे की उंचवटा तसाच राहू द्या, दांडाच चेनच्या मानाने थोडा पुढे-मागे फिरवा. अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीने १९८० साली आपल्या ‘स्पायडर’ या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये हे करून दाखवले. पुढे बीएमडब्ल्यूने १९९२ पासून ‘वानोस’ नावाने ही युक्ती वापरली. आज हजारो साध्या पेट्रोल गाड्यांत ती आहे. कॅमच्या टोकाला, चेनच्या चक्राच्या आत, एक छोटा डबा असतो. त्यात पाकळ्यांचे चाक. पाकळ्यांच्या एका बाजूने इंजिन ऑइलचा दाब सोडला की कॅम थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूने सोडला की मागे. ऑइल कुठे सोडायचे ते एक विजेची छोटी झडप ठरवते आणि तिला हुकूम देतो गाडीतला संगणक. हळू चालताना हवेचा वाल लवकर मिटवायचा, वेगात उशिरा. दारे धरणारा माणूसच जणू इंजिनात बसवला आहे. तो पाण्याचा जोर बघून दार बुजवतो.

दुसरे उत्तर असे की दांड्यावर दोन प्रकारचे उंचवटे ठेवा. एक बुटका, एक उंच. जपानच्या होंडाने १९८९ साली ‘इंटेग्रा’ गाडीत ‘व्हीटेक’ नावाने हे आणले. कमी फेऱ्यांना बुटके उंचवटे वाल उघडतात. फेरे वाढले की ऑइलच्या दाबाने एक खिट्टी सरकते, बाजूबाजूचे भाग एकमेकांत अडकतात आणि वाल उंच उंचवट्याच्या ताब्यात जातो. आता तो जास्त खोल उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. त्या १६०० सी.सी.च्या इंजिनाने १६० अश्वशक्ती दिली, तीही टर्बोशिवाय. १९९९ साली आलेली होंडाची ‘एस २०००’ तर दोन लिटरच्या इंजिनातून जपानमध्ये २५० अश्वशक्ती द्यायची आणि ९००० फेऱ्यांपर्यंत जायची. साधारण ६००० फेऱ्यांना तिचा उंचवटा बदलायचा आणि तिथेच आवाजही बदलायचा. अर्थात एवढी शक्ती एकट्या वालच्या युक्तीने येत नाही. त्यामागे चार-चार वाल, जास्त दाब आणि हलके भागही असतात. पण तो उंच उंचवटा कायमचा लावला असता तर ती गाडी बाजारातून चालवणे मुश्कील झाले असते. वालची वेळ बदलता आली म्हणून तिला खाली शहाणी आणि वर सुसाट होता आले.

मुलाला त्याचे उत्तर मिळाले होते. चढावर गुरगुरणाऱ्या गाडीचा आवाज एकदम बदलतो त्याचे एक कारण हे. आजच्या बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत सायलेन्सरच्या नळीतही एक झडप असते, तिच्यामुळेही आवाज बदलतो, हेही आम्ही सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, “सर, आर वन फाइव्ह में भी है!” खरेच होते. यामाहाची २०१८ साली भारतात आलेली ‘आर १५’ची तिसरी आवृत्ती, १५५ सी.सी.ची. तिच्यात ७४०० फेऱ्यांना दुसरा उंचवटा लागू होतो आणि पुढच्या काचेवर तशी अक्षरे उमटतात. तिचा जास्तीत जास्त पीळ ८५०० फेऱ्यांना आणि जास्तीत जास्त शक्ती १०,००० फेऱ्यांना. आमच्या तालुक्यातल्या पोरांनी कर्ज काढून घेतलेल्या मोटारसायकलीत इटली आणि जपानची तीच विद्या बसलेली होती. आमचा मिस्त्री एवढेच म्हणाला, “इसका दम ऊपर जाके खुलता है. नीचे इसको मत छेडो.” दोन पानांचे उत्तर त्याने दोन वाक्यांत संपवले.

पण आता गाडी पुढे गेली आहे. पुणे जिल्ह्यातले चाकण आमच्यापासून एका सकाळच्या अंतरावर. आमच्या तालुक्यातली किती तरी मुले तिकडच्या कारखान्यांत कामाला जातात. त्याच चाकणला मर्सिडीजच्या कारखान्यात २०२१ पासून ‘एएमजी ए ३५’ ही वेगवान गाडी जोडली जाऊ लागली. इंजिन दोन लिटरचे, टर्बोसह, ३०६ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर पीळ, आणि तो पूर्ण पीळ ३००० फेऱ्यांनाच हजर. होंडाच्या त्या गाडीला जे वर जाऊन मिळायचे ते हिला खालीच मिळते. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा आत कोंबतो. त्याचा जुना दोष हा की धूर कमी असताना तो जागाच होत नाही. अशा इंजिनांत वालची वेळ बदलून खालच्या फेऱ्यांना दोन्ही दारे थोडा वेळ एकत्र उघडी ठेवतात. दाबाने आलेली हवा उरलेला धूर झाडून काढते आणि त्या जादा झोतावर पंखा लवकर जागा होतो. पेट्रोल नंतर थेट आत फवारले जाते, म्हणून ते वाया जात नाही. हवा टर्बोच्या जोरावर आत येत असल्यामुळे साध्या इंजिनात जे खाली घातक होते तेच इथे उपकारक झाले. शक्ती कुठल्या फेऱ्यांना द्यायची हे आता फक्त लोखंड ठरवत नाही, संगणकात लिहिलेला तक्ता ठरवतो.

आणि इथेच आमच्या मिस्त्रीची अडचण सुरू होते. उस्तादांच्या काळात टायमिंग मार्क जुळवले की काम संपायचे. आता लोखंड बरोबर असूनही गाडी आजारी असू शकते.

मागच्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक आले. गाडी साधीच, पेट्रोलची, पण वालची वेळ बदलणारी. उभी असताना थरथरायची, चौकात बंद पडायची आणि घाटात गिअर उतरवून रेस दिली तर वर दम नाही. शहरातल्या एका कार्यशाळेने टायमिंग चेनचे मोठे, खर्चाचे काम सांगितले होते. मगरिबनंतर मिस्त्री आमच्या घरी आला. हातात मोबाइल, त्यावर स्कॅनरने काढलेला कोड. पी, शून्य, शून्य, एक, एक. खाली इंग्रजीत एक ओळ. म्हणाला, “सर, ये जरा पढ के बताओ.”

आम्ही म्हटले, आधी तू सांग, तुला काय वाटते? तो जरा थांबला. मग म्हणाला, “आवाज से लगता है हवा का दरवाजा जल्दी खुल रहा है. वापस पीछे नहीं आ रहा.”

आम्ही ती ओळ वाचली. तिचा अर्थ असा होता की हवेच्या बाजूच्या कॅमची वेळ गरजेपेक्षा पुढे गेली आहे.

म्हणजे कानाने जे सांगितले तेच संगणकाने लिहिले होते. आम्ही पदवी घेतलेली माणसे, पण ती ओळ वाचूनही पाना कुठे लावायचा ते आम्हाला कळले नसते. त्याला पाना कुठे लावायचा ते ठाऊक होते, पण ओळ वाचता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने ऑइल काढले तर ते डांबरासारखे काळे, घट्ट. ज्या ऑइलच्या दाबावर पाकळ्यांचे चाक पुढे-मागे व्हायचे तेच साकळले होते. कॅम पुढे गेला तो तिथेच अडकला होता. विजेची झडप काढून तिची बारीक जाळी त्याने साफ केली, योग्य जातीचे ऑइल टाकले, फिल्टर बदलला. गाडी विठा घाट चढून परत आली. मोठे काम लागलेच नाही.

गिऱ्हाईक खूश झाले. मिस्त्री मात्र खूश नव्हता. तो म्हणाला, “सर, दर वेळी तुमच्याकडे येणार का मी? गिऱ्हाईकासमोर मोबाइल घेऊन पळत जायचं?” त्याला भीती होती ती खरी होती. ज्या गाड्यांचा दोष पडद्यावर लिहून येतो त्या गाड्या हळूहळू शहराच्या वाटेला लागतात. गॅरेजसमोर उरतात त्या म्हाताऱ्या जीपा आणि पिकअप. त्यातही विजेच्या गाड्या येत आहेत. त्यांच्यात कॅमही नाही आणि वालही नाही. मोटर जागेवरून निघतानाच पूर्ण पीळ देते. वालच्या वेळेचा हा सगळा झगडाच तिथे संपतो. चोविसाव्या वर्षी हाताचे हुनर जुने झाले तर माणसाने पुढची तीस-चाळीस वर्षे काय करायचे?

आमच्या समाजात अशी हजारो मुले आहेत. वेल्डिंग, वायरिंग, गॅरेज, फ्रिज-एसी, सगळीकडे. त्यांच्या हातात हुनर आहे. आमच्या शाळा-कॉलेजांतून निघणाऱ्यांच्या हातात कागद आहे. दोघे एकाच मोहल्ल्यात राहतात आणि फक्त ईदच्या दिवशी गळाभेट घेतात. सभांमधून आम्ही पूर्वजांच्या मोठेपणावर भाषणे ऐकतो. पूर्वजांचीच गोष्ट काढायची तर अल्-जझरीची काढू. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला हा कारागीर. त्याने १२०६ साली यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात कॅम लावलेल्या दांड्यांनी चालणारी यंत्रे आहेत. कॅमचा शोध त्याने लावला असे म्हणून कोणी फुशारकी मारू नये. ग्रीक आणि चिनी लोकांना कॅम त्याच्या आधीपासून माहीत होता. जझरीचे मोठेपण वेगळे आहे. तो स्वतः हाताने यंत्र बनवायचा आणि मग ते दुसऱ्याला बनवता यावे असे मापांसह, आकृत्यांसह लिहून ठेवायचा. त्याच्या ग्रंथाच्या नावातच ‘इल्म’ आणि ‘अमल’ हे दोन शब्द जोडलेले आहेत. त्याच्या वारशावर हक्क सांगायचा असेल तर हे दोन शब्द आपल्या मोहल्ल्यात पुन्हा एकत्र आणावे लागतील. त्याशिवाय नुसते नाव घेऊन काय उपयोग?

मिस्त्रीला आम्ही सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितले. शाळा सुटलेल्याला बाहेरून दहावीला बसता येते, तेही उर्दू माध्यमातून. दहावी झाली की आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथले प्रमाणपत्र, तिथले विजेच्या गाडीचे शिक्षण, बँकेचे कर्ज, सगळ्या वाटा त्या एका कागदापासून फुटतात. तो हसला. म्हणाला, “या वयात? पोरं हसतील.” आम्ही म्हटले, ज्या पोरांना तू कॅम फिरवायला शिकवलास ती हसणार नाहीत. उस्ताद बाजेवर बसून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, “भर दे बेटा. मेरे जमाने में टायमिंग एक ही बार सेट होती थी.”

फॉर्म भरून झाला आहे. गणित आणि विज्ञान त्याला जड जात नाही. पीळ गुणिले फेरे हे सूत्र त्याने कधीच पाठ केले नव्हते, पण ते त्याला उलट-सुलट येते. अडते ते इंग्रजी. रोज रात्री इशाच्या नमाजनंतर तो वही घेऊन येतो. शाईच्या डागांशेजारी ग्रीसचे डाग. त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर तो आम्हाला ऑइलच्या वाटांची आकृती काढून समजावतो. पुढच्या वर्षी आठवीच्या वर्गात ती आकृती फळ्यावर काढायची आहे. कॅम फिरवणाऱ्या त्या मुलीने आताच बजावले आहे, या वेळी हेड तिला स्वतः खोलायचे आहे.